गॅलरीतला पहारा

मुंबईकर आपल्या शहराबद्दल दोन गोष्टी एका दमात बोलतो. रात्री बारा-साडेबाराला बाई एकटी टॅक्सीने घरी जाऊ शकते असे शहर देशात दुसरे दाखवा, असे तो पाहुण्याला अभिमानाने सांगतो. आणि त्याच पाहुण्यासमोर बाहेर निघालेल्या लेकीला 'पोचलीस की फोन कर' असे बजावतो. गुन्ह्यांची आकडेवारी पाहणारा म्हणेल, याची काळजी फुकाची आहे. 1993, 2006 आणि 2008 चे हल्ले आठवणारा म्हणेल, याचा अभिमान पोकळ आहे. मला दोन्ही खरे वाटतात, आणि दोन्ही एकाच मुळातून आलेले दिसतात. मुंबईत माणूस सुरक्षित राहिला तो शेजारामुळे, म्हणजे त्याला ओळखणारे कोणीतरी जवळपास होते म्हणून. पण शेजाराने आपला कोण आणि परका कोण हे आधीच ठरवलेले असे. शहर ज्या धाग्यांनी बांधले गेले, ते पेटले तेव्हा आग त्याच धाग्यांवरून पसरली. मुंबईचा दीडशे वर्षांचा इतिहास मी या अंगाने वाचतो.

सुरुवातीपासून या शहरात सरकार दूर होते. सतराव्या शतकात गव्हर्नर जेरल्ड आँजियरने भंडाऱ्यांची पलटण उभारली आणि माहीम, शिवडी, शीव इथे तिचे सुभेदार नेमले, ही मुंबईतल्या पोलिसांची पहिली खूण मानली जाते. तिथपासून थेट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पोलीस म्हणजे मुख्यतः कोट, गोदी आणि गोऱ्यांच्या बंगल्यांची राखण. 1854 साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीचा घाट घातला आणि पुढच्या अर्धशतकात कोकणातून, घाटावरून, पुढे उत्तरेतून माणसांचे लोंढे आले. यातले बहुतेक एकटे पुरुष. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरात दर हजार पुरुषांमागे बायका जेमतेम निम्म्या होत्या. दारूचे गुत्ते हाताशी, नोकरी रोजच्या रोज जाण्याची धास्ती, आणि घर गावाकडे. अशा शहरात खून-मारामाऱ्यांना ऊत यायला हवा होता. मारामाऱ्या झाल्याही, पण शहर चालत राहिले. ते चालवले गावकीच्या खोल्यांनी.

रत्नागिरीच्या किंवा साताऱ्याच्या एखाद्या गावची माणसे मिळून लालबाग-परळला एक खोली घेत. एका खोलीत पंधरा-वीस वळकट्या. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा होई. जेवण खानावळवालीकडे, तेही महिन्याच्या उधारीवर. नोकरी लावणारा मुकादम बहुधा आपल्याच गावचा, निदान आपल्या तालुक्यातला. गोव्याहून आलेल्या खलाशांनी आणि खानसाम्यांनी धोबीतलाव-माझगावात आपापल्या गावाचे कूड उभे केले. जहाजावरून उतरलेल्याला तिथे खाट मिळे, पेटी ठेवायला कोपरा मिळे आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला हजर राहावे लागे. आजारी पडला तर बघणारे, मेला तर गावी कळवणारे आणि पोलिसांनी धरला तर जामिनाला उभे राहणारे कोणी असणे, ही या माणसांची सुरक्षितता होती. ती कायद्याने दिलेली नव्हती, नावाने हाक मारणाऱ्यांनी दिलेली होती.

बायका-मुले येऊ लागली तशी चाळ वाढली. गिरगावातली लाकडी कठड्यांची चाळ आणि वरळी-नायगावची काँक्रीटची बीडीडी चाळ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे आजकालच्या स्मरणरंजनात विसरले जाते. बीडीडीच्या इमारती 1920 नंतर सरकारच्या विकास खात्याने बांधल्या. मधोमध अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना 160 चौरस फुटांच्या खोल्या आणि मजल्याला सामाईक संडास. सुरुवातीला कामगार तिथे राहायला तयार नव्हते. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला, यावरून त्या बांधकामाची कळा समजावी. तरीही दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी होती: दार दिवसभर उघडे आणि येणारा-जाणारा सगळ्यांच्या नजरेखालून जाणारा. त्यात गिरणीच्या घड्याळाची भर पडली. पाळी सुटली की भोंगा व्हायचा आणि अपरात्रीही रस्त्यावर शेकडो माणसे असायची, चहाची टपरी चालू असायची, पानवाला जागा असायचा. 'रात्री न झोपणारे शहर' या वर्णनाला आता चंदेरी झाक आली आहे. त्यामागे खरे तर तिसरी पाळी होती.

हा पहारा सगळ्यांसाठी नव्हता. गिरणीत साचाखात्यात म्हणजे विणाईत पगार चांगला, पण तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्णांना विटाळ होई. 1928 च्या सहा महिन्यांच्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघड मांडला आणि लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना अडचणीत टाकले. मालकाविरुद्ध एकजूट आहे, पण खात्यात शिवाशिव आहे, ही कसली एकजूट, असा तो सवाल होता. जी गोष्ट खात्यात तीच वस्तीत. गावकीच्या खोलीत गाव येई, गावकुसाबाहेरचे येत नसत. त्यांच्या खोल्या वेगळ्या, पुष्कळदा चाळीच वेगळ्या. वरळीच्या बीडीडी चाळींत दलित आणि सवर्ण कामगार पन्नास वर्षे एकाच आवारात राहिले, आणि 5 जानेवारी 1974 रोजी दलित पँथरच्या सभेवरून सुरू झालेली दंगल त्याच आवारात अनेक दिवस पेटत राहिली. गच्च्यांवरून दगड-बाटल्या आल्या, पोलिसांनी लाठ्या-गोळ्या चालवल्या. 10 जानेवारीच्या मोर्चावर वरून दगडी पाटा आदळला आणि भागवत जाधव हा पँथरचा कार्यकर्ता जागीच गेला. चौकशीसाठी न्यायमूर्ती भस्मे यांचा आयोग नेमावा लागला. ज्या गच्चीवर पापड वाळत होते तीच मोर्चेबंदीची जागा झाली, यात वरळीच्या जुन्या रहिवाशांना काही नवल वाटले नसावे. कोण कोणत्या खोलीत राहतो हे सगळ्यांना ठाऊक होते.

हे 1974 ला नव्याने घडले असेही नाही. 11 ऑगस्ट 1893 च्या शुक्रवारी जुमा मशिदीजवळ दंगल सुरू झाली ती काठेवाडातल्या प्रभासपाटणच्या हिंदू-मुस्लिम दंगलीच्या बातमीवरून. बातमी लांबची, पण दुसऱ्या दिवशी गिरणी कामगार त्यात उतरले आणि हाणामारी मोहल्ल्यांतून गिरणगावात पोचली. ऐंशीच्या आसपास माणसे मेली. त्याच वर्षी गिरगावच्या केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव बसला. चाळीतल्या बिऱ्हाडांना एकमेकांची ओळख त्या दहा दिवसांनी जेवढी करून दिली तेवढी दुसऱ्या कशानेच दिली नसेल. पण मुंबई-पुण्यातले जे हिंदू तोवर ताबुतांच्या मिरवणुकीत हौसेने नाचत होते, त्यांची संख्या याच सुमारास झपाट्याने रोडावली. शेजार घट्ट झाला आणि आखूडही झाला. फेब्रुवारी 1929 मध्ये शिवडीच्या तेल कंपन्यांच्या संपात पठाणांना कामावर घेतले गेले, तेवढ्यात पठाण मुले पळवतात अशी आवई उठली. ती आवई कोणत्या वर्तमानपत्राने पसरवली नव्हती. ती नळावरून, खानावळीतून, जिन्यावरून गेली. नोकरीची खबर ज्या वाटेने यायची त्याच वाटेने ही खबर आली, म्हणून लोकांनी तिच्यावर तितकाच विश्वास ठेवला. शंभराहून अधिक माणसे त्यात गेली.

1992-93 च्या दंगलींचा हिशेब न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने मांडून ठेवला आहे: डिसेंबर आणि जानेवारी मिळून 900 मृत, त्यांत 575 मुसलमान आणि 275 हिंदू. आयोगाने नोंदवलेली एक गोष्ट माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. जानेवारीतल्या हल्लेखोरांना मुसलमानांची घरे-दुकाने नेमकी कुठली हे माहीत होते, पाटीवर हिंदू नाव असले तरीही. परक्या गुंडाला ते कळणे शक्य नाही. ही शेजाराची माहिती होती. लोकांनाही हे लगेच उमगले, म्हणून इमारतींच्या खालच्या फळ्यांवरून नावे उतरवली गेली. जोगेश्वरीच्या गांधी चाळीत, जिला पुढे सगळे राधाबाई चाळ म्हणू लागले, 7 जानेवारीच्या रात्री एका हिंदू बिऱ्हाडाला कोंडून जाळले गेले. तीही अनोळखी वस्ती नव्हती. त्याच दिवसांत शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना घरात लपवल्याच्या कहाण्याही घरोघर आहेत आणि त्या खऱ्या आहेत. मात्र त्या पुढे करून दंगल 'बाहेरच्यांनी' केली असे म्हणणाऱ्यांना एवढेच विचारावे, की लपवायचे कोणाला आणि कोणापासून, हे लपवणाऱ्याला इतके अचूक कसे कळले?

इथे पोलिसांचा कैवार घेणारा मला अडवील. पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेटने 1857 साली वेष पालटून शहरातले कट हुडकले, एडवर्ड्ससारख्या आयुक्तांनी मोहरमच्या टोळ्यांची धुमाळी आटोक्यात आणली, 1999 च्या मोक्का कायद्यानंतर खंडणीच्या टोळ्यांचे कंबरडे मोडले. मग शहराची सुरक्षितता शेजाराच्या खात्यावर का टाकायची? आक्षेप रास्त आहे. फक्त पोलिसांचे श्रेय मान्य करताना त्यांचा अपश्रेयाचा वाटाही मोजावा लागतो. श्रीकृष्ण आयोगाने 31 पोलिसांवर ठपका ठेवला आणि पोलीस दलातल्या पूर्वग्रहावर स्पष्ट बोट ठेवले. पोलीस शिपाई आभाळातून पडत नाही. तो नायगावच्या, वरळीच्या पोलीस वसाहतीत राहतो, त्याच वस्तीचे वारे त्याला लागते. शेजाराचा आपपरभाव खाकीतही जातो, एवढाच त्याचा अर्थ.

आणि पोलिसांनी खरोखर वेगळे काही केले ते भिवंडीत. 1970 आणि 1984 अशा दोन भीषण दंगलींनी पोळलेले हे यंत्रमागांचे गाव डिसेंबर 1992 मध्ये सर्वांत आधी पेटेल अशीच सगळ्यांची अटकळ होती. ते पेटले नाही. 1988 पासून तिथे उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत समित्या बसवल्या होत्या. तिथे पुढारी-प्रतिष्ठितांपेक्षा साधे दुकानदार, कारागीर, मागवाले घेतले, दोन्ही धर्मांचे, आणि बैठका दंगल झाल्यावर नव्हे तर काहीच झालेले नसताना घेतल्या. नळ, गटार, भांडणे, किरकोळ तक्रारी हे विषय. 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' हे खोपडे यांच्या पुस्तकाचे नावच प्रश्न विचारते. उत्तर फारसे रोमहर्षक नाही. ओळख आपोआप ज्या रेषेपाशी थांबते, त्या रेषेपलीकडच्यांशी ती मुद्दाम आणि नेमाने करून दिली गेली. मुंबईत अशा समित्या दंगलीनंतर निघाल्या. पोलीस आयुक्त सतीश सहानी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी त्यासाठी मनापासून खस्ता काढल्या. पण भिवंडीत जे आधी झाले ते मुंबईत नंतर झाले, हा फरक शेकडो प्रेतांचा आहे.

दुसरा आक्षेप घेणारे म्हणतात, की शेजारबिजार सोडा, मुंबईचा 'स्पिरिट' बघा. 12 मार्च 1993 च्या शुक्रवारी बॉम्बस्फोटांत 257 माणसे मेली आणि सोमवारी शेअर बाजार उघडला. 11 जुलै 2006 ला अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या सात डब्यांत स्फोट झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लोकल भरून धावत होत्या. हे सारे घडले. त्याला नाव मात्र चुकीचे दिले गेले. सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचे निदान केले, तेव्हाची मुंबई आठवा. काही महिन्यांत आठ लाखांच्या शहरातून निम्म्याच्या आसपास माणसे निघून गेली. गिरण्या ओस पडल्या, मालकांचे हस्तक नाक्यावर उभे राहून मजुरांसाठी चढाओढीने बोली लावू लागले, पगार रोजच्या रोज चुकता होऊ लागला. 1982 च्या गिरणी संपातही कामगार महिनोन्महिने गावी जाऊन राहिले, म्हणून तर संप इतका लांबला. जानेवारी 1993 मध्ये स्थानकांवर गाव गाठणाऱ्यांची झुंबड होती. 2020 च्या टाळेबंदीत तर ती पायी निघाली. म्हणजे ज्याला गाव आहे आणि गावात दोन वेळचे आहे, तो संकटात मुंबई सोडतो. 12 जुलै 2006 ला डब्यात चढलेला माणूस शूर असेल, पण त्याला न चढण्याची मुभा नव्हती. खाडा झाला की पगार कापला जाणार. त्याच्या नाइलाजाला आपण शौर्यपदक दिले, आणि त्यामुळे त्याच्या सुरक्षिततेबद्दल जाब विचारायचे राहून गेले. त्या स्फोटांच्या खटल्यात 2025 साली उच्च न्यायालयाने बाराही आरोपींना निर्दोष ठरवले. एकोणीस वर्षांनंतर, जवळपास 190 मृत्यूंचे उत्तर शहराला मिळालेले नाही.

मुंबईच्या भीतीचा आणि प्रत्यक्ष धोक्याचा मेळ किती कमी आहे हे पाहायचे तर लोकलकडेच पाहावे. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात 166 माणसे मेली आणि त्यावर ग्रंथ झाले. उपनगरी रेल्वेवर रूळ ओलांडताना, दारातून पडून दरवर्षी त्याच्या कित्येक पट माणसे मरतात. 2023 साली अडीच हजारांहून जास्त. तरी मुंबईकराला लोकल सुरक्षित वाटते, विशेषतः बायकांना, आणि त्यात तथ्य आहे. 5 मे 1992 ला चर्चगेट-बोरिवली महिला विशेष गाडी सुरू झाली त्याच्या कितीतरी आधीपासून बायकांचा डबा ही चाळीच्या गॅलरीची धावती शाखा होती: तीच हळदीकुंकवे, तीच भाजी निवडणे, तीच एकमेकींच्या सासूची चौकशी. पण इथेही नियम तोच. विरार लोकलमध्ये बोरिवलीला उतरणारा चढला तर त्याला उतरू द्यायचे नाही, हा अलिखित कायदा करणाऱ्या गटांना आत कमालीचे सुरक्षित वाटते. बाहेरच्याला काय वाटते ते बोरिवलीकराला विचारावे. आणि बायकांना या शहराने मुभा दिली ती कामापुरती. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 2011 च्या आपल्या पुस्तकात हाच मुद्दा मांडला, की मुंबईची बाई रस्त्यावर असते ती कुठूनतरी कुठेतरी जाताना. काही कारण नसताना नाक्यावर उभी राहिली तर शहराच्या भुवया उंचावतात. गॅलरी राखण करायची आणि झडतीही घ्यायची. पोरगी कोणाशी बोलली हे पहिल्या मजल्यावर कळायच्या आत तिसऱ्यावर पोचलेले असे.

म्हणूनच चाळ गेली याचे मला सरसकट दुःख करता येत नाही. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगार संपावर गेले, गिरण्या परत धड सुरू झाल्याच नाहीत, आणि 1991 नंतर बदललेल्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनीवर मॉल आणि मनोरे उभे राहिले. भोंगा थांबला, तिसरी पाळी संपली, रात्रीचा रस्ता रिकामा झाला. ऑगस्ट 2013 मध्ये एका छायाचित्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला तो महालक्ष्मीच्या ओसाड शक्ती मिलच्या आवारात. गिरणी चालू असताना तिथे चिटपाखरू नाही अशी वेळ दिवसाकाठी आलीच नसती. हे सांगताना मला माहीत आहे, की चालू गिरणीच्या काळातही घराच्या आत बायकांना होणारी मारहाण सगळ्या मजल्याला ऐकू जात होती आणि मजला 'त्यांच्या घरातली बाब' म्हणून दार लोटून घेत होता. नजर होती, पण तिला काय दिसावे हे ठरलेले होते. तरीही जुन्या व्यवस्थेत निदान नजर होती आणि आज तिच्या जागी सीसीटीव्हीचे यंत्र आले, हा फरक उरतोच. यंत्र चोर गेल्यावर चोराचे चित्र देते. अडीअडचणीला जामीन राहत नाही.

1992-93 च्या दंगलीनंतर शहराने गुपचूप एक सोय करून घेतली. मुसलमान कुटुंबे मुंब्र्याला, मीरा रोडच्या नयानगरला सरकली, हिंदू कुटुंबे मोहल्ल्यांच्या कडेवरून उठली. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात निकाल दिला, की सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवणारा उपविधी बेकायदा नाही. तेव्हापासून जे आधी दबक्या आवाजात चालत होते त्याला कागदाचा आधार मिळाला. 'आमच्याकडे शाकाहारीच', 'फॅमिलीच', 'त्या लोकांना नको' ही वाक्ये दलाल पहिल्याच फोनवर सांगतो. याचे समर्थन नेहमी सुरक्षिततेच्या नावाने होते: आपापल्यात राहिले की कटकट नाही, भांडण नाही. आणि वरवर पाहता हे खरेही ठरले आहे. 1993 नंतर मुंबईत तेवढी मोठी दंगल झालेली नाही. पण या शांततेचे श्रेय वाटणीला देण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. मोहल्ल्यांची वाटणी 1893 लाही होती आणि 1992 लाही. तिने दंगल थांबवली नाही, उलट हल्ला कुठे करायचा हे सोपे करून दिले. आणि जिथे दंगल खरोखर टळली त्या भिवंडीत वस्त्या वेगळ्या होत्याच, पण माणसे महिन्यातून काही वेळा एका सतरंजीवर बसत होती.

गिरण्या परत येणार नाहीत, गावकीच्या खोल्या कोणाला नकोत, आणि बीडीडीतल्या माणसाला पुनर्विकासात 160 चौरस फुटांऐवजी 500 चौरस फूट मिळत असतील तर त्याने ते घ्यावेतच. शेजार मात्र मनोऱ्यातही नव्याने ठरतो आहे, आणि या वेळी तो गावकी किंवा मुकादम ठरवत नाही. संस्थेची कार्यकारिणी ठरवते, म्हणजे तुम्ही-आम्हीच. पुढच्या वार्षिक सभेत जागा कोणाला भाड्याने द्यायची नाही असा ठराव कोणी मांडला, तर चहा-समोसे संपायची वाट पाहत मागच्या रांगेत गप्प बसू नका. उठून विरोध करा आणि तो इतिवृत्तात नोंदवायला लावा.